भुट्टा जेवत नाही

आमच्या घरी 'पुरे' हा शब्द कोणाला ऐकू येत नाही. पाहुण्याने ताटावर आडवा हात धरला की आई तो हात अलगद उचलते, बाजूला ठेवते आणि वाढते. जावई असेल तर दोनदा वाढते. गोळाभातावर फोडणीच्या तेलाची पळी ओतताना समोरचा "बस, बस" करत असेल, तर त्याला आरामात बसून जेवायचं आहे असा ती अर्थ काढते. तिच्या ऐंशी वर्षांत आमच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. दोघे-तिघे सरळ दवाखान्यात गेले, पण भरल्या पोटी गेले.

अशा घरात यंदा ऐन नवतपात, म्हणजे मे अखेरच्या भाजून काढणाऱ्या नऊ दिवसांत, एक पाहुणा २२ दिवसांच्या मुक्कामाला आला आणि आल्या दिवसापासून तोंड मिटून बसला. पाहुण्याचं नाव भुट्टा. लांबी दोन फूट, जाडी माझ्या अंगठ्याएवढी, जात कॉर्न स्नेक.

भुट्टा माझ्या भाच्याचा. भाचा इथे नागपूरच्या मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या उद्योगनगरीत, कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण पगार वेळेवर होतो म्हणून कोणी खोलात जात नाही. त्याला तीन आठवडे ट्रेनिंगला बंगळुरूला जायचं होतं. "मामा, आठवड्यातून फक्त एकदा खायला द्यायचं. कुत्र्यासारखं फिरवायला न्यायचं नाही, मांजरासारखे नखरे नाहीत. तुम्हाला कळणारसुद्धा नाही घरात कोणी आहे ते." मी तीस वर्षं बँकेत काढली. 'तुम्हाला कळणारसुद्धा नाही' म्हणून समोर ठेवलेल्या कागदावर सही करायची नसते, हे मला कळायला हवं होतं.

आधी मी कायद्याच्या बाजूने बोलून पाहिलं. आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो नाग असो की गरीब बिचारी धामण, घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. भाचा म्हणाला, हा परदेशी आहे, आणि कागदांची एक फाइलच काढून दिली. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माझ्या घराच्या रजिस्ट्रीची फाइलसुद्धा एवढी नीट लावलेली नाही. मग त्याने शेवटचा पत्ता टाकला: "आणि मामा, आपल्या गावाचं नावच नाग नदीवरून पडलंय." नाग नदीची आजची अवस्था पाहता तिच्या नावावर कोणी काही पाळू नये असं माझं मत आहे. पण तोवर हिने डब्यात डोकावून "अय्या, संत्र्याच्या रंगाचा आहे" म्हटलं होतं.

रंग खरंच सुरेख. नारिंगी अंगावर गडद तांबडे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार. पोट उलटं करून पाहिलं तर काळ्या-पांढऱ्या चौकटी, जुन्या मोझॅक फरशीसारख्या. हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, फ्लोरिडा-जॉर्जियाकडचा. तिकडे मक्याच्या कोठारांत उंदरांच्या मागावर सापडायचा म्हणून कॉर्न स्नेक, असं काही जण सांगतात. पोटावरच्या चौकटी रंगीबेरंगी मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून, असं बाकीचे. १७६६ मध्ये लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिलं त्यात मका नाही, नुसते ठिपके आहेत. भाच्याने मात्र सरळ नागपुरी न्याय लावला आणि नाव ठेवलं भुट्टा.

भुट्ट्याबरोबर सामान आलं ते लग्नाच्या रुखवतासारखं. काचेची पेटी, पाण्याचं भांडं, लपायला दोन उपड्या कुंड्या, थर्मामीटर, वजनकाटा, एक फूटभर लांब चिमटा आणि एक काळी रबरी चटई. ही म्हणाली, "हे काय?" भाचा म्हणाला, "हीट मॅट. पेटीची एक बाजू गरम ठेवते." मे महिन्याची २५ तारीख होती. बाहेर ४५ डिग्री होतं. ही काही बोलली नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झाली की अशा पाहण्याचा पूर्ण अर्थ लागतो: तुमच्या बहिणीचा मुलगा.

पण भाच्याचं गणित पक्कं होतं. सापाला स्वतःची उष्णता नसते. जेवण पचवायला त्याला एका बाजूला २८ ते ३० डिग्री ऊब लागते आणि नको वाटली की सरकायला दुसऱ्या बाजूला २३-२४ चा गारवा. आमच्या हॉलमध्ये कूलर लावूनही ३३ च्या खाली काटा येत नव्हता. म्हणून भुट्टा एसीच्या खोलीत गेला. एसीने खोली गार झाली म्हणून पेटीची एक बाजू गरम करायला मॅट लावावी लागली. म्हणजे एकाच खोलीत, एकाच मीटरवर, एक यंत्र गार करत होतं आणि दुसरं गरम. आम्ही दोघं हॉलमध्ये कूलरच्या खाली, खसच्या वासात, अंगावर पाण्याचे शिंतोडे घेत झोपलो. एसी आमच्या बापाने नव्हे, आम्हीच हप्त्याने घेतला होता.

आता मुद्द्याचं. खाणं.

खाणं एका थर्माकोलच्या डब्यात बर्फात आलं होतं. सहा उंदीर, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. मी मनाची खूप तयारी करून झाकण उघडलं, पण तसं किळस यावी असं काही नव्हतं. पांढरे, स्वच्छ, पाय पोटाशी घेतलेले, उमललेल्या कापसाच्या बोंडाएवढे. हे उंदीर खाद्य म्हणूनच वाढवतात आणि गोठवून विकतात. या धंद्याची स्वतःची भाषा आहे. नुकता जन्मलेला, केस न आलेला लालसर उंदीर म्हणजे पिंकी. अंगावर लव आली की फझी. उड्या मारायला लागला की हॉपर. सापाच्या अंगाचा सगळ्यात जाड भाग जेवढा, तेवढ्या किंवा त्याच्या दीडपट जाडीचा उंदीर द्यायचा, याहून मोठा नाही. भाचा हे मला हॉलमध्ये समजावत होता आणि ही स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू आलं ते एवढंच: "मामा, आता पिंकीवर नाही भागत त्याचं. गेल्या महिन्यात दोन पिंकी एकदम दिल्या तरी शोधतच होता." पिंकी हे माझ्या मेव्हणीचं घरातलं नाव आहे. ती भाच्याला लहानपणापासून फार आवडत नाही, हेही घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लाटणं हातात घेऊन ही बाहेर आली तेव्हा प्रकरण मिटवायला दहा मिनिटं लागली.

आमच्या घरात अंडंसुद्धा गॅलरीत, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या शेगडीवर शिजतं. तिथे फ्रीजरमध्ये सहा उंदीर ठेवायचे होते. हिने अट घातली की ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी नाडीने बांधलेली, आणि वर चिठ्ठी. चिठ्ठीवर तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'यात आइस्क्रीम नाही'. मराठी घरातल्या आइस्क्रीमच्या डब्यावर ही सूचना लिहायची गरज १९९० नंतर कोणाला पडली नसेल.

भाच्याने दोन पानी सूचना लिहून दिल्या होत्या, त्यातल्या काही ओळी लाल पेनने अधोरेखित. तो गेल्यावर तिसऱ्या दिवशी, मंगळवारी संध्याकाळी, मी पहिलं ताट वाढायला घेतलं. रात्रभर उंदीर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सुटा करायचा, असं कागदावर होतं. खालच्या कप्प्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या असतात, तेव्हा तो विषय निघायच्या आधीच संपला. मग पाकिटासकट गार पाण्याच्या मगात ठेवून सुटा केला. त्यानंतर गरम पाण्यात टाकून जिवंत उंदराएवढा, म्हणजे ३७-३८ डिग्रीपर्यंत ऊबदार करायचा असतो. कॉर्न स्नेकला अजगरासारखे ऊब ओळखणारे खळगे ओठांवर नसतात, तो मुख्यतः वासावर चालतो. पण गरम अन्नाचा वास लांब जातो, हे फोडणी दिलेल्या घरात कोणाला शिकवायला नको. पाणी तापवावं लागलं नाही. मेमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी सातलाही चहा टाकावा इतकं गरम असतं. गार नळ सोडला आणि काम झालं. या एका बाबतीत नागपूर कॉर्न स्नेकसाठीच वसवलं आहे.

हिच्या शिवणाच्या टेपने मी उंदीर मोजला. (टेप नंतर नवी आणावी लागली.) चिमट्यात धरला, पेटीचं झाकण सरकवलं आणि भुट्ट्याच्या नाकापुढे नेला.

भुट्ट्याने जीभ बाहेर काढली. दोन टोकांची जीभ हवेत दोनदा वर-खाली हलली, आत गेली. त्याने उंदराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मागच्या मागे सरकत कुंडीखाली निघून गेला.

मी चिमटा कुंडीच्या तोंडाशी नेला. कागदावर लिहिलं होतं, हलकेच हलवा, जिवंत वाटला पाहिजे. मी हलवला. मग थोडा चालवला. मग त्याला कुंडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आणली. सापाला बाहेरचे कान नसतात हे मला शाळेपासून माहीत आहे, तरी माझ्या तोंडून आपोआप निघायला लागलं: "थोडंसं. अरे थोडंसं तरी. बरं, नुसती चव बघ." वीस मिनिटांनी माझा हात भरून आला. भुट्ट्याच्या शेपटीचं टोक तेवढं कुंडीबाहेर होतं, तेही त्याने आत ओढून घेतलं.

शुक्रवारी पुन्हा. नवा उंदीर, कारण एकदा सुटा झालेला परत गोठवत नाहीत. या वेळी प्रेक्षक होते. आई खुर्चीवर, ही दारात पदर नाकाला लावून, आणि शेजारचे भाऊ त्यांच्या नातवाला घेऊन. भाऊंनी श्रावणात पचमढीची नागद्वार यात्रा सात वेळा केली आहे, त्यामुळे सापांच्या बाबतीत त्यांचा शब्द गल्लीत शेवटचा मानतात. त्यांनी पेटीत एक नजर टाकली आणि निकाल दिला.

"दूध द्या."

मी म्हटलं, भाऊ, साप दूध पीत नाही. त्याला ते पचत नाही. पंचमीला पितो तो दिवस-दिवस तहानलेला ठेवलेला असतो म्हणून, समोर जे ओलं दिसेल ते पितो. भाऊ म्हणाले, "सायीचं दिलं होतं का कधी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी दुसरा तोडगा काढला. गल्लीत उंदीर कमी आहेत का? पिंजरा लावा, ताजा माल द्या, हे बर्फातलं शिळं कोण खाईल? मला ते क्षणभर पटलंही, कारण आमच्या घरात शिळं पाहुण्याला देत नाहीत. पण कागदावर हे अधोरेखित होतं. घरातला उंदीर औषध खाऊन आलेला असू शकतो, त्याच्या अंगात जंत असतात, आणि जिवंत सोडला तर तोच सापाला चावून जखमी करतो. नातवाने विचारलं, "म्हणजे उंदीर सापाला खातो?" भाऊ म्हणाले, "चल घरी."

भुट्टा त्या दिवशीही जेवला नाही.

इथून माझी झोप उडाली. दुसऱ्याचं लेकरू घरी ठेवून घेतलंय आणि ते अन्नाला शिवत नाही, या जबाबदारीचं ओझं काय असतं हे ज्यांच्या घरी पुतण्या-भाचे शिकायला राहिलेत त्यांनाच कळेल. रात्री दोनदा उठून मी टॉर्च लावून तो हलतो का पाहत होतो. टॉर्च लावल्यावर तो लपत होता, लपला की हलत नव्हता, हलला नाही की मी जागा राहत होतो. शेवटी एका सर्पमित्राला फोन लावला. पावसाळ्यात लोकांच्या बाथरूममधून धामणी आणि घोणस काढायची त्याला सवय. साप जेवत नाही म्हणून फोन करणारा मी त्याला पहिलाच भेटलो असणार. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, किती दिवस झाले?"

"अकरा."

"अन् तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही जेवले का?"

मी म्हटलं, हो, आत्ताच.

"मंग झोपा. सापाले पंधरा दिवस नाही भेटलं तरी काई होत नाही. तुमच्यासारखं दोन टाइमचं नाही राह्यत त्याचं."

झोप आली नाही, पण सकाळी कारण सापडलं. ते आईने शोधलं. पेटीला नाक लावून ती बराच वेळ पाहत होती, मग म्हणाली, "अरे, याले मोतीबिंदू झाला." पाहतो तर खरंच, काळेभोर मण्यांसारखे डोळे दुधाळ निळे झाले होते आणि अंगावरचा नारिंगी रंग विटलेल्या लुगड्यासारखा फिका पडला होता. आईचं गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यामुळे तिला सगळीकडे मोतीबिंदूच दिसतो. तिने तिचे उरलेले ड्रॉप्स शोधायला ड्रॉवर उघडलासुद्धा.

मी कागद काढला. दुसऱ्या पानावर, सगळ्यात खाली: 'डोळे निळे दिसले तर कात टाकणार आहे. खायला देऊ नका.' भाच्याने सगळी जरब पहिल्या पानावर संपवली होती आणि ही ओळ साध्या पेनने लिहिली होती. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखं पारदर्शक खवलं असतं आणि कातीबरोबर तेही निघतं. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव सुटतो, त्याने डोळे असे धुरकट होतात. त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, जीव घाबरा असतो, आणि बहुतेक जण अन्नाला तोंड लावत नाहीत. डोळे निळे व्हायच्या आधीच काही जणांची भूक जाते. म्हणजे आठवडाभर मी काय करत होतो? कपडे बदलणाऱ्या माणसाच्या खोलीत ताट घेऊन घुसत होतो, वर "एक घास, एकच घास" म्हणत होतो.

चार दिवसांनी डोळे निवळले आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीत कात पडली होती. अख्खी, नाकापासून शेपटीपर्यंत, मोज्यासारखी उलटी झालेली. उजेडात धरली तर डोळ्यांच्या दोन गोल काचाही त्यात जशाच्या तशा. शेजारच्या भाऊंनी पाकिटात ठेवायला चार बोटं तुकडा मागून नेला. लक्ष्मी टिकते म्हणाले. आणि कुंडीखालून भुट्टा बाहेर आला तो असा लखलखीत, की आई म्हणाली, "दिवाळीची आंघोळ करून आला वाटते."

त्याच संध्याकाळी मी तिसरा उंदीर गरम केला, चिमटा घेतला आणि बाह्या सारल्या. आईने माझा हात धरला.

"कायले त्याच्या तोंडापुढं नाचून राहिला?"

मी म्हटलं, आई, हलवावा लागतो.

"आमच्या काटोलच्या घरी कोठ्यात धामण राह्यची. ज्वारीच्या ढोल्या होत्या, उंदीर होते, ते होती. माह्या सासऱ्यानं कधी तिच्यापुढं उंदीर नाही नाचवला. ठेव खाली. झाक. लाइट बंद कर. अन् उठा सगळे इथून. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं पाहू नये."

जिने आयुष्यभर जेवणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत पळी हातात धरली, ती हे म्हणत होती. मी उंदीर कुंडीच्या तोंडाशी ठेवला. आईने तिचं जुनं सुती लुगडं पेटीवर टाकलं. मी लाइट बंद करायला बटणाकडे हात नेला, तेवढ्यात संपूर्ण प्रतापनगरची लाइट गेली. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिनेच सांगून घालवली.

सगळे गच्चीवर गेले. मीही गेलो, पण पाच मिनिटांनी पाणी प्यायच्या निमित्ताने खाली आलो. लुगड्याचं एक टोक उचललं आणि मोबाइलचा उजेड भिंतीकडे वळवून, तिरका आत पडू दिला.

भुट्टा उंदरापासून वीतभर अंतरावर होता, मान इंग्रजी एससारखी मागे घेतलेली. जीभ सारखी आत-बाहेर. मग काहीच झालं नाही. आणि मग झालं तेव्हा मला दिसलंच नाही, एवढं दिसलं की उंदीर त्याच्या तोंडात आहे आणि अंगाचे तीन वेढे त्याच्याभोवती घट्ट बसले आहेत. मेलेल्या, गोठलेल्या, मगात तीनदा भिजलेल्या उंदराला तो जीव तोडून आवळत होता. मला त्याचा आदर वाटला. शिजवलेलं ताट समोर आलं तरी हात-पाय धुऊन, चित्राहुती घालून जेवणारी माणसं असतात, त्यातला प्रकार. बऱ्याच वेळाने वेढे सैलावले. त्याने उंदराभोवती नाक फिरवून डोकं शोधलं, कारण डोक्याकडून गिळलं की पाय आणि केस मागे दुमडतात, अडकत नाहीत. आणि जबडा उघडला. खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे हाडाने जोडलेले नसतात, त्यामुळे उजवी बाजू थोडी पुढे, मग डावी, मग उजवी. आत वळलेल्या बारीक दातांनी तो उंदरावरून अक्षरशः चालत गेला. डोकं दुप्पट रुंद झालं. खालच्या जबड्यावरून एक बारीक नळी बाहेर आली, ती श्वासाची. तोंड भरलेलं असताना श्वास घ्यायची सोय. आमच्याकडे पंगतीत ही सोय हवी होती. शेवटी शेपटी तेवढी राहिली, शेवयासारखी, तीही आत गेली. मग त्याने जबडा दोनदा वेडावाकडा उघडून जांभई दिली, हाडं जागच्या जागी बसवली, आणि गरम बाजूच्या कुंडीखाली गेला.

मी जिन्यावरून ओरडलो, "जेवला!" गच्चीवर टाळ्या पडल्या. शेजारच्या गच्चीवरूनही पडल्या. कोण जेवला हे त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी भाऊ आले, नातू आला, नातवाचे दोन मित्र आले. मी भुट्ट्याला बाहेर काढलं. पोटाच्या मध्यावर फुगवटा दिसत होता, तो मी सगळ्यांना एखाद्या शिक्षकासारखा दाखवला. नातवाच्या मित्राने हात लावला, नातवाने लावला, मग भाऊंनी त्याला मांडीवर घेतलं आणि नमस्कार केला. भुट्ट्याने मान ताणली, तोंड उघडलं आणि भाऊंच्या पांढऱ्या लेंग्यावर कालचा उंदीर परत केला. तो आता पांढरा नव्हता. वासाचं वर्णन मी करत नाही. एसीची खोली दोन दिवस आम्हालाही नको झाली.

'जेवणानंतर ४८ तास हात लावू नका', पहिलं पान, तिसरी ओळ, लाल पेनाने दोनदा अधोरेखित. त्याच्याखाली: 'ओकला तर किमान दहा ते चौदा दिवस काही देऊ नका, पोटाला आराम द्या.' दहा ते चौदा दिवस म्हणजे भाचा आल्यानंतरच. माझ्या ताब्यातला हिशेब तिथेच बंद झाला: जमा एक, खर्च एक, शिल्लक शून्य.

भाचा आला त्या दिवशी पहिला पाऊस पडला होता. भुट्टा त्याच्या मनगटावर असा गुंडाळला गेला की आम्हाला जरा लागलंच. त्याने वजनकाट्यावर ठेवलं. जाताना ७४ ग्रॅम होता, आता ७१.

"मामा, किती वेळा खाल्लं?"

"एकदा," मी म्हटलं. हे शब्दशः खरं आहे.

"बरं झालं. कात नीट टाकली ना? मग ठीक आहे, भरून काढेल." आणि तो हात धुऊन जेवायला बसला. तीन ग्रॅम! मी तीन आठवडे जागलो त्याचे तीन ग्रॅम, आणि त्यातली थोडी तर भाऊंच्या पाकिटात होती.

आईने गोळाभात केला होता, वर चिंचेचं सार, आणि पुडाच्या वड्या. भाच्याने एक वाढ घेतली. आईने पळी उचलली. त्याने ताटावर आडवा हात धरला. "पुरे, आजी. खरंच पुरे. गाडीत खाल्लंय."

आम्ही सगळ्यांनी आईच्या हाताकडे पाहिलं. तिने पळी खाली ठेवली. आग्रह नाही, "थोडंसं" नाही, काही नाही. उठली, खुंटीवरचं तेच सुती लुगडं घेतलं, भाच्याच्या ताटावर हलकेच टाकलं आणि आम्हाला म्हणाली, "उठा रे सगळे." मग दाराशी जाऊन लाइट बंद केली.

"आजी? आजी, हे काय?"

आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो. पागोळ्या गळत होत्या. आईने ओठांवर बोट ठेवलं होतं. दहा-बारा मिनिटं आत काही हललं नाही. मग अंधारात वाटीत चमचा वाजला.